दुपारचं गिऱ्हाईक

३ मार्च

वकीलसाहेबांनी आज एक जाड, रेघांची वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "विश्वस्तानं प्रत्येक गोष्टीचं टिपण ठेवावं. तारीख घालून." मी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. ती वही दुकानाच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. तिच्यात विश्वस्ताला शोभेल तेवढंच लिहीन. ही दुसरी वही मात्र माझी. हिच्यात मनाला येईल ते लिहिणार, आणि पहिलं हेच लिहिते की शाळेपासूनच्या माझ्या मैत्रिणीला, टिकलीला, जाऊन वर्ष होत आलं तरी माझा तिच्यावरचा राग गेलेला नाही.

मला एका शब्दानं न विचारता तिनं मृत्युपत्रात माझं नाव घातलं. बटणांचं दुकान, त्याचा गाळा, आतला माल, सगळं तिच्या भाचीचं. पण भाची पंचवीस वर्षांची होईपर्यंत ते सांभाळायचं दोन विश्वस्तांनी. एक वकीलसाहेब, एक मी. वकीलसाहेबांचं ठीक आहे, त्यांचा तो व्यवसायच. मला टाके घालण्यापलीकडे काय येतं? कोर्टाचे कागद पुरे व्हायला इतके दिवस लागले आणि आज शेवटी सही केली. सही करताना मी दोनदा विचारलं, इथेच ना? वकीलसाहेब म्हणाले, "घाबरू नका. मालकासारखं जपायचं, पण मालकासारखं वागायचं नाही, एवढंच. आणि जे करायचं ते तिच्या भल्यासाठी, तिला सांगून."

घरी येऊन हे वन्संना सांगितलं. माझे यजमान गेल्यापासून त्यांची ही थोरली बहीण आणि मी, अशा दोघीच आम्ही या घरात राहतो. वन्सं वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाल्या, "त्यात नवीन ते काय? सुनेसारखंच झालं की. घर आपलं म्हणून झाडायचं, पण आपलं म्हणायचं नाही."

जाता जाता: वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाचं मधलं बटण गेलेलं होतं. मी तशाच जोडीचं शोधून तिथल्या तिथे लावून दिलं. भाचीनं, म्हणजे खारीनं, एका बटणाचं बिल फाडलं, त्यांनी पैसे दिले, आणि खार शिडीकडे तोंड करून खांदे हलवत हसत राहिली. यात हसण्यासारखं काय होतं? त्यांची बायको जाऊन किती वर्षं झाली. एकट्या माणसाच्या कपड्यांकडे बघणार कोण?

८ मार्च

खार म्हणजे टिकलीची भाची. बहीण आणि मेहुणे अपघातात गेले तेव्हा टिकलीनं तिला घरी आणलं. आल्या दिवशी पोरगी दुकानातली सरकती शिडी चढून छतापर्यंत गेली आणि तिथेच बसून बिस्किट खाल्लं. तेव्हापासून ती खार. आता चांगली मोठी झाली आहे, पण शिडीवरून उतरताना अजून शेवटच्या दोन पायऱ्या गाळते.

आम्ही कामाची वाटणी करून घेतली आहे. सकाळी दुकानात खार, दुपारी मी. दुपारी ती वस्तुसंग्रहालयात जाते. तिथे जुन्या कपड्यांची डागडुजी करायची एक खोली आहे, तिथे ती मदत करते. बिनपगारी. येताना बोटांना कसलातरी डिंकासारखा वास येतो आणि डोळे चकाकत असतात.

दुपारचं दुकान मला फार आवडतं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आत जे आहे त्यातलं एक बटण शिवलेलं. शिंपल्याची, शिंगाची, पितळेची, कापड मढवलेली. वर उजव्या कोपऱ्यात निळ्या काचेची. तशीच बटणं टिकलीनं माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीच्या झग्याला लावली होती, मानेपासून कमरेपर्यंत. नोकरी मिळाली. टिकली म्हणायची, "तुला कुठे मिळाली? बटणांना मिळाली."

आमची ओळखही कपाटामुळेच झाली. कॉन्व्हेंटमध्ये हरवलेल्या वस्तूंचं एक कपाट होतं आणि त्याची चावी माझ्याकडे असायची. सिस्टरचा नियम होता की चावी जिच्याकडे, तिनं स्वतःची वस्तूसुद्धा स्वतःच्या हातानं काढायची नाही. दुसऱ्या मुलीनं सिस्टरसमोर सांगायचं, "हे हिचंच." एकदा ऐन थंडीत माझाच स्वेटर त्या कपाटात जाऊन पडला आणि सिस्टर नेमक्या आजारी. मी चावी गळ्यात घालून कुडकुडत फिरत होते. तेव्हा एक बुटकी, नवी आलेली मुलगी कुणाला न विचारता दवाखान्याच्या खोलीच्या खिडकीशी गेली आणि काचेवर टकटक करून ओरडली, "सिस्टर, तो तिचाच आहे! कोपराचं रफू मी पाहिलंय!" सिस्टरनी पांघरुणातून हात बाहेर काढून परवानगी दिली. ती बुटकी म्हणजे टिकली.

कुणाला सांगायचं हे आता?

१९ मार्च

सगळी दुपार एकही गिऱ्हाईक नाही. दाराची घंटा वाजली ती वाऱ्यानं.

हल्ली बटण तुटलं की लोक शर्टच टाकतात, असं कोपऱ्यावरचा शिंपी सांगत होता. त्याच्याकडेही आता फक्त पँटी आखूड करायला येतात. मला खारीची काळजी वाटली. पोर संध्याकाळी येऊन गल्ला बघणार, काही नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरणार. आईविना वाढलेलं लेकरू, मावशीही गेली, आता हे दुकान तेवढं राहिलंय. टिकलीनं ते माझ्या भरवशावर ठेवलं आहे.

म्हणून शिंपल्याची थोडी बटणं मीच घेतली. पूर्ण किमतीला! एका पैशाची सूट घेतली नाही. रीतसर बिल फाडलं, पैसे गल्ल्यात टाकले. घरी ब्लाउजना लागतीलच.

२ एप्रिल

खार म्हणाली, "मावशी, सकाळी मी माशा मारते आणि दुपारी तू एवढं विकतेस कसं? तुझ्या हाताला गुण आहे."

मी म्हटलं, "बोलता आलं पाहिजे गिऱ्हाइकाशी."

खोटं नाही ते. गिऱ्हाइकाशी मी दिवसभर मनातल्या मनात बोलतच असते.

वन्संनी आज कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरून पितळी बटणांची पुडी त्यांच्या पायावर पडली. "वहिनी, ही बटणं आहेत का बंदुकीच्या गोळ्या? सैन्य उभं करते आहेस का?"

"शिवणार आहे काहीतरी."

"काय शिवणार? तंबू?"

पण वन्सं मनाच्या चांगल्या आहेत. संध्याकाळी फिरायला जातात त्या मैत्रिणींतल्या दोघींना त्यांनी लोकर विकत घ्यायला म्हणून दुकानात पाठवलं. दुकानात लोकर नसते. तरी त्या दोघी हूक घेऊन गेल्या.

११ एप्रिल

शेजारचा चष्मेवाला आला होता. मला वाटलं बटण हवं असेल. पण तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "बाई, माझी जागा अपुरी पडते. हा गाळा भाड्यानं द्याल का? हे खणसुद्धा असेच ठेवीन. फ्रेमा ठेवायला इतके सुंदर खण मला आयुष्यात मिळायचे नाहीत." भाड्याचा आकडाही त्यानं सांगितला. बराच होता.

मी म्हटलं, "दुकान उत्तम चाललंय."

त्यानं दुकानभर नजर फिरवली. माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. "हो, दिसतंय," तो म्हणाला. सभ्य माणूस आहे, पण मला त्याचा सूर आवडला नाही.

जाड वहीत हे लिहिलं नाही. नाही म्हणून सांगितलं, विषय संपला. त्याचं कसलं टिपण? आणि खारीला तरी कशाला सांगायचं, उगाच पोरीच्या मनाला लागेल. कुणीतरी टिकलीच्या दुकानावर डोळा ठेवून आहे म्हणून.

२७ एप्रिल

आज बदकं संपवली.

टिकलीनं कुठल्याशा प्रदर्शनातून पिवळी, बदकाच्या आकाराची बटणं आणली होती, लहान मुलांच्या कपड्यांसाठी. चोच एवढी टोकदार की काजात जातच नाही. वर्षानुवर्षं तो खण तसाच भरलेला. खार त्याला "तळं" म्हणते. मी आठवडाभर दर दुपारी थोडी थोडी घेत होते आणि आज तळ्याचा तळ दिसला. एवढं समाधान वाटलं म्हणून सांगू! टिकलीचा एक चुकलेला सौदा मी निस्तरला. तिला सांगता आलं असतं तर ती म्हणाली असती, "बघ, मी म्हणत नव्हते खपतील?"

निळ्या काचेच्या बटणांना मात्र मी हात लावत नाही. ती घेतली तर खण रिकामा होईल, आणि मग वर बघून काय करू?

वकीलसाहेब येऊन गेले. या खेपेला बाहीचं बटण. दोरा अगदी कापल्यासारखा तुटला होता. मी म्हटलं, "साहेब, जरा जपून घालत चला कोट." ते म्हणाले, "प्रयत्न करतो." मग चहा घेतला आणि मी कॉन्व्हेंटच्या प्रार्थनागीतातलं एक कडवं गुणगुणत होते ते ऐकत बसले. हिशेब बघायचा राहून गेला.

१४ मे

खारीला एक पत्र आलं आहे. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या वस्तुसंग्रहालयात जुनी वस्त्रं दुरुस्त करायचं दोन वर्षांचं शिक्षण. विद्यावेतनासकट. इथल्या संग्रहालयातल्या बाईंनी तिचं नाव परस्पर सुचवलं होतं. महिनाअखेरीला उत्तर कळवायचं.

तिनं मला ते वाचून दाखवलं. मग पुन्हा वाचून दाखवलं. मग एका जुन्या हातमोज्याविषयी बोलत राहिली. त्याच्या तर्जनीचं टोक झिजलं होतं आणि तिनं रेशमाच्या एकेरी धाग्यानं ते असं धरलं की शिवण दिसतही नाही. "मावशी, ज्या बाईचा तो होता ना, ती नक्की बोट दाखवून बोलत असणार. तुझ्यासारखी." चहा गार झाला तरी तिला भान नव्हतं.

मग एकदम गप्प झाली आणि पत्राची घडी घालत म्हणाली, "पण नाही जाणार मी. दुकान बंद पडायला आलं असतं तर गोष्ट वेगळी. चालतं दुकान कसं मोडायचं? टिकलीमावशीनं एवढ्या मायेनं उभं केलेलं. आणि तूही किती रमतेस इथे."

माझा जीव भांड्यात पडला. केवढी माया आहे पोरीची दुकानावर! टिकलीनं पाहायला हवं होतं.

पत्र तिनं निळ्या बटणांच्या खणात ठेवलं आहे. सारखी शिडी चढून वर का जाते, ते मला कळत नाही. तिथे गिऱ्हाईक कुठे मागतंय काही?

२२ मे

वकीलसाहेबांनी आज चहा नको म्हटलं, तेव्हाच मी समजायला हवं होतं. चष्मेवाला त्यांना रस्त्यात भेटला होता.

"तुम्हाला त्यानं विचारलं होतं?"

"विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

"खारीला सांगितलंत?"

"तिला दुःख होईल."

ते जरा वेळ कोटाच्या बटणाशी चाळा करत बसले. सगळी बटणं जागेवर होती आज. "बाई," ते म्हणाले, "देणं न देणं नंतर बघू. पण गोष्ट तिची आहे. वाईट बातमी असली तरी तिची, चांगली असली तरी तिची. आपण मधल्यामध्ये ठेवून नाही घ्यायची."

मी म्हटलं, सांगते. दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा काजाचा दोरा संपल्याचं सांगितलं.

वन्संना विचारलं, तर म्हणाल्या, "तू भलत्याशी इमान राखते आहेस."

"टिकलीशी इमान राखू नको?"

"टिकलीला आता काय कमी आहे?"

मला राग आला. वन्संना बोलायला काय जातं?

३० मे

लाकडी खोकं आलं. हमालानं दुकानाच्या मध्यावर आदळलं आणि खार शिडीवरून उडी मारून खाली आली. "मावशी, तुला गंमत दाखवते! तुला न सांगता मागवलंय. म्हणजे वकीलसाहेबांची सही घेतली, तुझी त्या दिवशीच्या बाकी कागदांत घेतली. तू वाचत कुठे असतेस!"

तिनं फळी उचकटली. आत पिवळंधमक.

बदकं. खोकंभर बदकं.

"तू एका आठवड्यात सगळं तळं उपसलंस ना? मी म्हटलं, मावशीला गिऱ्हाईक सापडलंय. एखादी शाळा असेल, नाहीतर बाळांचे कपडे शिवणारं कुणी. मग थोडी कशाला मागवायची? एकदम घेतली, स्वस्त पडली. दुकानाच्या शिल्लकीतले पैसे बरेच गेले, पण तू विकशील!" आणि मग हसत, पण डोळे भलतीकडेच: "त्या पत्राला नाही म्हणून उद्या कळवते. उद्या शेवटचा दिवस. हा माल आल्यावर आता मागे बघायचं नाही."

मी खोक्याकडे बघत उभी राहिले. मला बरं वाटत नाही म्हणून घरी आले.

इथे बसून लिहिते आहे आणि कपाटाचं दार लागत नाही. आतून पुड्या दाराला ढकलताहेत. मला आज कपाट पाहिल्यावर ते दुसरं कपाट आठवलं. चावी गळ्यात घालून कुडकुडणारी मी, आणि स्वेटर आत. तेव्हा मला सिस्टरचा किती राग आला होता! माझाच स्वेटर, मीच घेतला तर कुणाचं काय बिघडणार होतं? सिस्टर म्हणाल्या होत्या, "तू घेशील म्हणून नाही गं. तू घेतलास तर बाकीच्या मुलींना कपाटात काय आहे ते खरं कळणार नाही, म्हणून."

पूर्ण किंमत दिली, पूर्ण किंमत दिली म्हणून मी फुशारत होते. पण खारीला दुकानात काय आहे ते खरं कळतच नव्हतं. ती माझ्या खरेदीकडे बघून आयुष्य ठरवते आहे. मी एवढी वर्षं मुलींना शिवण शिकवलं, पण टाका चुकला की उसवायचा, हे सांगणं सोपं. स्वतःचा उसवताना कापडासकट फाटेल असं वाटतं.

सकाळी पहिल्यांदा तेच. ती पत्र टाकायच्या आत.

३१ मे

वकीलसाहेबांना निरोप धाडून दुकानात बोलावून घेतलं. वन्संना बरोबर घेतलं, कारण पुड्या एकटीला उचलेनात. शिंपली, पितळ, शिंग आणि जुनी बदकं, सगळं मी टेबलावर ओतलं. एक बदक घरंगळत जाऊन वकीलसाहेबांच्या बुटाशी थांबलं.

खार म्हणाली, "हे काय?"

मी म्हटलं, "हे माझं गिऱ्हाईक. दुपारी जे यायचं ते. मीच."

मग सगळं सांगितलं. चष्मेवाल्याचंही, त्याच्या आकड्यासकट. फार अवघड गेलं.

खार आधी हसली. पण ते हसू अर्ध्यातच थांबलं. "म्हणजे दुकान चालतच नव्हतं? तू चालत होतीस फक्त, पिशवी घेऊन?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला वाईट वाटलंच की! मी रोज ते पत्र काढून वाचते आणि रोज परत ठेवते. का? तर चालतं दुकान! मावशी, मी काय ठरवायचं ते तूच ठरवून ठेवलंस आणि मला सांगितलंही नाहीस."

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी आज तुमच्या बाजूनं बोलू शकत नाही. तिचं बरोबर आहे." मग म्हणाले, "माझीही चूक आहे. दुसऱ्या विश्वस्तानं डोळे उघडे ठेवायचे असतात. मी दुकानात येत होतो, पण बिलं बघायला येत नव्हतो." मग कशाला येत होते, हे विचारायची ती वेळ नव्हती. बटणासाठीच की.

मग त्यांनी खारीला नीट समजावलं. सांभाळायला दिलेली वस्तू विश्वस्तानं स्वतःच विकत घ्यायची नसते, पूर्ण किंमत दिली का नाही याला अर्थ नाही. आता हे सगळे सौदे रद्द करायचा तुला हक्क आहे. माल परत, पैसे परत.

खार किंचाळली, "बदकं परत? मुळीच नको! बदकं तिचीच!"

वन्सं म्हणाल्या, "अगं, निदान अर्धी तरी घे. आमच्याकडे माणसांना निजायला जागा नाही."

पण खार हसली नाही. ओढणी घेतली आणि निघून गेली. जाताना शिडी चढून खणातलं पत्र घेऊन गेली. त्याचं काय करणार ते सांगितलं नाही. कोपऱ्यावर टपालपेटी आहे.

वकीलसाहेबांना एखादं बटण लावून घ्यायचं आहे का, असं मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून. म्हणाले, "आज नाही." मग दारात थबकून म्हणाले, "मी मात्र दर वेळी तिला सांगून घेतलं हो. एकेक बटण. पावती आहे माझ्याकडे. का घेतो तेही तिला सांगितलं होतं." किती काटेकोर माणूस!

१ जून

खार आली नाही. दुकान मी उघडलं. खरं गिऱ्हाईक एकच. एका बाईंना सुट्टे मिळतील का म्हणून विचारायचं होतं. सुट्टे पैसे.

२ जून

आली नाही. जाड वहीत आजवरचं सगळं लिहून काढलं, चष्मेवाल्यासकट, माझ्यासकट. हात दुखला. पण लिहून झाल्यावर दुकान जरा मोठं वाटलं, खिडकी उघडल्यासारखं.

३ जून

घंटा वाजली आणि खार आत आली. टेबलावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी, पाय हलवत.

"मी हो म्हणून कळवलंय," ती म्हणाली. "त्याच दिवशी. रागाच्या भरात टाकलं पत्र. मग दोन दिवस वाट बघितली राग जाऊन पस्तावा होतो का ते. राग गेला. पस्तावा आलाच नाही."

तिनं माझ्या चष्म्याची काच स्वतःच्या बाहीला पुसून दिली.

"तुला एक विचारू, मावशी? तू दुकान कुणासाठी चालवत होतीस?"

"तुझ्यासाठी. तू रमतेस म्हणून."

"आणि मी तुझ्यासाठी! मला वाटायचं, दुकान बंद केलं तर तू दुपारी जाशील कुठे?"

मग तिला हसू फुटलं, पोटातून आलेलं, टिकलीसारखं. म्हणाली, "आणि सगळे पैसे खात होती बदकं."

नवं खोकं व्यापारी परत घेतो म्हणाला आहे, वाहतूक कापून. ती वाहतूक मी भरणार. खार नको म्हणत होती, पण वकीलसाहेबांनी तिचं ऐकलं नाही, आणि मलाही ते आवडलं. निदान एक तरी पैसा योग्य कारणासाठी जाईल.

२८ जून

गाळा चष्मेवाल्याला दिला. करारावर दोन्ही विश्वस्तांच्या सह्या, आणि खारीनं प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली, मुद्दाम, माझ्याकडे बघत. भाडं तिच्या नावानं जमा होईल, शिक्षणात उपयोगी पडेल. माल एका नाटक कंपनीच्या शिंप्यानं घेतला. त्याआधी वकीलसाहेबांनी दोन ठिकाणचे भाव मागवायला लावले. शिंप्यानं पितळेच्या बटणांवरून हात फिरवला तो एखाद्याच्या गालावरून फिरवावा तसा. त्यांना चांगलं घर मिळालं. दर आठवड्याला नवीन राजे आणि शिपाई घालणार त्यांना.

खण भिंतीवरच राहणार. प्रत्येकावरचं एकेक बटण तसंच.

सगळं आटोपल्यावर खार शिडी चढली आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातला खण अख्खा बाहेर काढून खाली घेऊन आली. निळी काच. आतल्या बटणांचा तो आवाज मी कुठेही ओळखेन.

"हा यादीत घातला नाही मी," ती म्हणाली. "मावशी, हा तुझा."

मी हात मागे घेतला. "नाही गं. मला घेता येत नाही. मी विश्वस्त आहे."

"माहीत आहे. तू घ्यायचा नाहीस. मी देतेय." ती वकीलसाहेबांकडे वळली. "साहेब, हे लिहून घ्या. सगळं माहीत असताना, स्वतःच्या मर्जीनं."

वकीलसाहेबांनी लिहून घेतलं. मग चष्मा काढून त्यांनी खणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तिचाच आहे तो."

त्यांना कॉन्व्हेंटच्या कपाटाची गोष्ट मी कधीतरी सांगितली असणार. चहाच्या वेळी बडबडत असते मी. त्यांच्या लक्षात राहिली हे आश्चर्यच.

खण मांडीवर घेऊन घरी आले. टिकलीवरचा राग कुठे गेला, शोधूनही सापडला नाही.

१९ जुलै

खारीचं पत्र. एका राणीच्या म्हणे झग्याची बाही तिच्या टेबलावर आहे. "राणी डावखुरी होती, मावशी, उजवी बाही नवीकोरी आहे." खोलीला मोठी खिडकी आहे, बरोबरची मुलगी घोरते, हात शिवशिवतात. शेवटी लिहिलंय: "वकीलसाहेबांच्या बटणाचं काय चाललंय? ते मला सविस्तर कळव. लाभार्थीला सगळं सांगायचं असतं." या मुलीला नको त्या चौकशा फार.

योगायोग असा की वकीलसाहेब आजच आले, घरी. भाड्याची पावती दाखवायला म्हणाले. पोस्टानंही आली असती. कोटाचं वरचं बटण गेलेलं. आता दुकान नाही, तर आणणार कुठून? निळ्या काचेची काळ्या कोटाला शोभायची नाहीत. मी म्हटलं, "साहेब, घरात फक्त बदकं आहेत."

"चालेल," ते म्हणाले.

"अहो, कोर्टात जायचंय तुम्हाला!"

"चालेल हो."

लावून दिलं. चोच जरा वाकवून काजात घातली तर जातं. काळ्या कोटावर पिवळं बदक. त्यांनी आरशात बघितलं आणि इतके खूश झाले की मलाच संकोच वाटला. वन्सं आतून बिस्किटांची बशी घेऊन आल्या, बदकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, पुढच्या खेपेला दोन तोडून आणा. आमच्याकडे कपाटभर आहेत."

वन्संच्या जिभेला हाड नाही. ते बिचारे लाल झाले.

आता दर शनिवारी येतो म्हणाले आहेत. कोटाला चार बटणं, दोन बाह्यांना मिळून सहा. म्हणजे सगळी बदकं लागेपर्यंत बरेच दिवस जातील. तुटलेल्या जागेचा दोरा मी उजेडात धरून पाहिला. अगदी सरळ, कात्रीनं कापल्यासारखा. हल्लीच्या दोऱ्याचं काही खरं नाही.